चालण्याला धीर, ऐकण्याला घाई

आमची लेक चौथ्या महिन्यात मान धरू लागली, पाचव्यात पालथी पडली, सातव्यात बसली. नोएडातल्या आमच्या सोसायटीत भेटेल तो विचारायचा, 'रांगते का?' ऐकू येतं का, हे कुणी विचारलं नाही. थाळी वाजवली की बघायची, म्हणून घरचेही निर्धास्त होते.

मला मात्र तिची शांतता खटकत होती. सुरुवातीचे हुंकार हळूहळू कमी झाले होते आणि 'बाबाबा, दादादा' काही येत नव्हतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. 'काही मुलं उशिरा बोलतात, थांबा,' असं उत्तर मिळालं. आम्ही थांबलो नाही. ऐकण्याची बेरा चाचणी करून घेतली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. आता श्रवणयंत्रं लावली आहेत आणि वाचा-उपचारही सुरू आहेत.

म्हणून आईबाबांना कळकळीनं सांगते, थाळीच्या परीक्षेवर विसंबू नका. बाळ हललेला हातही बघतं, त्याला कंपनंही जाणवतात. ऐकू न येणारी बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतात. जन्मानंतर महिन्याभरात कानांची ओएई चाचणी करून घ्या. ती बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. दोष असलाच तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. मेंदू भाषा शिकतो तो याच काळात.

चालण्याबाबत मात्र धीर धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण दिल्लीतली बाळंही होती. निरोगी बाळं आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण चार ते नऊ महिने निघाला, तर एकटं चालण्याचा आठ ते साडेसतरा. काही तर रांगलीच नाहीत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर त्याचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

पण आलेली गोष्ट बाळ विसरू लागलं किंवा एकच हात वापरू लागलं, तर लगेच दाखवा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. लसीच्या प्रत्येक खेपेला ते डॉक्टरांसोबत पडताळा. कानांची शंका असेल, तर मुंबईत वांद्र्याला असलेल्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेचं प्रादेशिक केंद्र नोएडातही आहे. 'थांबा' म्हणणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगा, की थांबू, पण चाचणी झाल्यावर.