‘कॉन्झर्वेशन’ या शब्दाचे अर्थ आणि आपले तलाव

गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी बंधूंच्या कानी ‘कॉन्झर्वेशन’ हा इंग्रजी शब्द वारंवार पडत असतो. कृषी खात्याचे कर्मचारी तो बांधीच्या धुऱ्यांविषयी योजतात, वनाधिकारी जंगलाविषयी आणि पक्षिनिरीक्षक सारसाविषयी. शब्द एक असला तरी अभिप्राय एक नसतो.

‘राखणे, सांभाळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला आहे. मराठीत त्यास एकच प्रतिशब्द रूढ झाला नाही. माती व पाणी यांच्या बाबतीत आपण ‘संधारण’ म्हणतो. वाहून जाणारे अडवून धरणे हा त्याचा अर्थ. वनखात्यातील ‘कॉन्झर्वेटर’ मराठीत ‘वनसंरक्षक’ होतो. विजेच्या संबंधात ‘ऊर्जा संवर्धन’ म्हणतात, वास्तविक तेथे वाढ अभिप्रेत नसून काटकसर अभिप्रेत आहे. नगरपालिकेतील ‘कॉन्झर्वन्सी’ म्हणजे तर चक्क सफाई खाते!

‘तलावाचे कॉन्झर्वेशन’ असे ऐकताच पुष्कळांस वाटते की, आता तेथे गुरांना व ढिवर बंधूंना मज्जाव होणार. हा अर्थ ‘संरक्षित क्षेत्रा’चा आहे. आपल्या तलावांचा इतिहास त्याच्या उलट आहे. कोहळी समाजाने खोदलेले हे तलाव वापरामुळेच टिकले. दरवर्षी पाळ दुरुस्त होई, सांडवा मोकळा होई, गाळ शेतात पडे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले व ‘मामा तलाव’ म्हणवू लागले; परंतु वार्षिक निगेची जबाबदारी कोणाची, हे गावोगाव धूसर झाले. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, काही बेशरमीने व्यापले. हात न लावणे म्हणजे राखणे नव्हे.

मात्र गाळ काढणे हे संधारण झाले, संवर्धन नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. यंत्राने सर्वत्र सरळ उभा खड्डा खणल्यास पाणी अधिक साठेल खरे. पण काठची उथळ जागा नाहीशी होते. देवधान तेथेच उगवते, लहान मासे तेथेच वाढतात, सारसही तेथेच चरतो. म्हणून मध्यभाग खोल करावा व काठाचा उतार राखावा.

सारस हा महाराष्ट्रात मुख्यत्वे आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. पावसाळ्यात तो तलावात, तसेच धानाच्या बांधीतही घरटे घालतो व बहुधा दोन अंडी देतो. सुमारे महिनाभर ती उबवावी लागतात. त्या जागी पिकाची थोडी नासधूस होते, हे नाकारता येत नाही. तथापि घरटे आहे म्हणून शेत सरकारजमा होत नाही. या भीतीपोटी अंडी हलवणे वा फोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. घरट्याभोवतीचा तुकडा तेवढा निंदणी व फवारणीतून वगळावा, कुत्री दूर ठेवावीत आणि जवळच्या वनरक्षकास कळवावे.