फळी धरा, चिकटवू नका

आई-बाबांनो, परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे एकच विचारणा येते. "मुलांना हातानं करायला काहीतरी सुचवा. दिवसभर मोबाइल सुटत नाही." माझं उत्तर ठरलेलं आहे: मूल अकरा-बारा वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर शिडाच्या लाकडी जहाजाचा संच आणा. खोक्यात लेसरनं कापलेले लाकडी भाग असतात, पट्ट्यांची जुडी असते, दोऱ्याची रिळं, पितळी खिळे आणि घडी घातलेला मोठा नकाशा. आधी कणा उभा राहतो, त्याला फासळ्या बसतात, फासळ्यांवर फळ्या चढतात, मग डोलकाठी, दोर आणि शीड. सुतारकाम, भूमिती आणि गाठी मारणं एकाच वस्तूत येतं.

संच आणण्याआधी मात्र तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

खोक्यावरचं चित्र पाहून आपण मोठी माणसंच आधी भुलतो. तीन डोलकाठ्या, तोफांच्या रांगा, सोनेरी नक्षी. 'एचएमएस व्हिक्टरी' दिसली की बाबांचा हात खिशाकडे जातो. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं हे जहाज १७६५ साली पाण्यात उतरलं, आजही पोर्ट्समथला जपून ठेवलेलं आहे, आणि त्याच्या दोरखंडांची लांबी सुमारे ४२ किलोमीटर सांगतात. त्याची प्रतिकृती करताना मुरलेल्या माणसांचीही वर्षं जातात. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊ नका. अर्धवट राहून माळ्यावर गेलेले संच बहुतेक अशा थोर जहाजांचेच असतात, आणि त्यांच्यासोबत "आपल्याला हे जमत नाही" ही समजूतही मुलाच्या मनात कायमची जाऊन बसते.

मी सुचवते ती डोरी. सपाट तळाची, उंच कडांची छोटी होडी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरी गावी १७९३ पासून चालत आलेला लॉवेल कुटुंबाचा कारखाना या होड्यांसाठी प्रसिद्ध आहे. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासा धरायला मोठी शिडाची जहाजं जात, आणि त्यांच्या डेकवर अशा डोऱ्या एकीत एक बसवून रचलेल्या असत. बसायच्या फळ्या काढून ठेवल्या की एक डोरी दुसरीच्या पोटात जाई. मासेमारीच्या जागी पोचलं की दोन-दोन कोळी एकेक डोरी घेऊन उतरत आणि शेकडो गळ लावलेली लांब दोरी पाण्यात सोडत. 'मॉडेल शिपवेज' या कंपनीचा या डोरीचा संच २४ पट लहान मापाचा आहे. होडी वीतभरापेक्षा जराशी मोठी होते. फळ्या मोजक्या, आकारात कापून आलेल्या. त्याच मालिकेत पुढची पायरी म्हणून शिडाची छोटी नाव आहे आणि त्यानंतर एका डोलकाठीची मासेमारी नौका. या क्रमानं गेलेलं मूल पुढे 'ब्लूनोज'पर्यंत पोचू शकतं. कॅनडात लुनेनबर्गला १९२१ साली बांधलेलं हे दोन डोलकाठ्यांचं जहाज मासेमारी करायचं आणि शर्यतीही जिंकायचं. तिथल्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून त्याची आकृती आहे. ज्यानं स्वतः डोरी केली आहे, त्याला 'ब्लूनोज'च्या डेकवरच्या इवल्याशा डोऱ्या पाहताना काय वाटतं ते मी पाहिलं आहे.

आता गोंदाविषयी. हे बारीकसारीक वाटेल, पण माझ्या मते घरातल्या वातावरणाचा अर्धा निर्णय इथे होतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद आणू नका. तो काही सेकंदांत लाकूड चिकटवतो आणि तितक्याच वेगानं बोटंही. त्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. मुख्य म्हणजे फळी वाकडी बसली तर ती वाकडीच राहते, आणि मग घरात आवाज चढतो. साधा पांढरा फेव्हिकॉल घ्या, पाण्यानं न सुटणारा प्रकार नको. दातकोरणीच्या टोकानं लावायचा, फळी बसवायची, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून अर्धा-पाऊण तास सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी चूक दिसली तरी जोडावर थेंब-थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की पांढरा गोंद मऊ पडतो आणि फळी हळूच सोडवता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते 'आयपीए' म्हणून मिळतं. ते पटकन पेट घेतं, म्हणून बाटली तुमच्याच ताब्यात असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. केलेलं काम परत सोडवता येतं हे एकदा कळलं, की मुलाचा हात धीट होतो. शाळेच्या वहीत खाडाखोड केली की गुण जातात; इथे फळी काढून पुन्हा लावणं हा कामाचाच भाग आहे, आणि अनुभवी कारागीरही ते करतात.

डोरीनंतर कणा आणि फासळ्यांचा संच हाती आला की खरी गंमत सुरू होते. फासळ्यांच्या कडा जशा येतात तशा चालत नाहीत. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, फासळ्यांना तिरका उतार द्यावा लागतो, म्हणजे फळी प्रत्येक फासळीवर सपाट टेकते. पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हळूहळू घासायचं, मध्ये मध्ये एक पट्टी आडवी ठेवून बघायचं, कुठे उजेड दिसतो का. दिसला तर अजून घासायचं. भुसा बारीक असतो, तोंडाला मास्क हवाच.

मग फळ्यांचा हिशोब. माझी लेक कागदाची अरुंद पट्टी घेऊन मधल्या फासळीवर वरपासून कण्यापर्यंत गुंडाळत होती. ६० मिलिमीटर भरले. फळी ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे १२ फळ्या. तीच पट्टी तिनं नाळेजवळच्या फासळीवर लावली. भरले ४२. ती बराच वेळ दोन्ही खुणांकडे बघत राहिली. "आई, फळ्या बाराच आहेत, पण पुढे जागाच नाहीये." मी काही बोलले नाही. तिनं भागाकार केला: साडेतीन. म्हणजे मध्ये पाच मिलिमीटर असलेली प्रत्येक फळी नाळेकडे जाताना साडेतीनपर्यंत निमुळती व्हायला हवी. गणिताच्या पुस्तकातल्या गुणोत्तराच्या उदाहरणांना कंटाळणारी ही मुलगी, स्टीलची पट्टी धरून पुढचा तासभर फळ्यांवर पेन्सिलीच्या रेघा मारत बसली. नंतर पहिली फळी तिनं कोरडीच वाकवली आणि ती नाळेपाशी कट्कन मोडली. दुसरी तिनं पाण्यात भिजत घातली, नरम झाल्यावर चिमट्यांनी फासळ्यांवर तशीच अडकवली, वाळू दिली, आणि वळण पक्कं झाल्यावरच गोंद लावला. हे तिला मी आधीच सांगू शकले असते. पण मग तिला नुसती सूचना मिळाली असती. लाकूड कोरडं असताना किती ताण सोसतं, हे त्या मोडलेल्या फळीनं तिच्या बोटांना सांगितलं, आणि संचात जादा पट्ट्या असतात त्या याचसाठी.

आई-बाबांनो, माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. तुमचा हात मागे ठेवा. आपल्याला सवय लागली आहे. शाळेचा प्रकल्प उद्या द्यायचा असतो, रात्री अकराला थर्माकोल कापायला आपणच बसतो, आणि सकाळी मूल आपली कलाकुसर घेऊन शाळेत जातं. जहाजाला 'उद्या द्यायचं' असं काही नसतं. म्हणून तरी ते मुलाचं राहू द्या. तुमचं काम ठरलेलं आहे: फळीचं दुसरं टोक धरणं, चिमटा पुढे करणं, नकाशावरची इंग्रजी सूचना अडली तर वाचून देणं. कटर वापरताना मात्र शेजारी बसा. पातं नवं आणि धारदार असू द्या, बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि तेच निसटतं. एका दमात कापण्यापेक्षा तीन-चार हलके फटकारे मारायला सांगा.

काही घरांत वडील प्रेमानं म्हणतात, "उजवी बाजू मी करतो, डावी तू कर." हेही करू नका. फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं लावाव्या लागतात, एक इकडे, एक तिकडे. एकच बाजू पुढे गेली तर वाकवलेल्या फळ्यांचा ताण कण्याला पीळ घालतो आणि जहाज कायमचं वाकडं होतं. शिवाय दोन माणसांचे हात दोन वेगळी मापं धरतात. स्टॉकहोमला स्वीडिश आरमाराचं 'वासा' नावाचं जहाज संग्रहालयात आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, बंदरातच, जेमतेम दीड किलोमीटर जाण्याआधी ते कलंडून बुडालं. १९६१ साली ते वर काढलं, तेव्हा त्यात सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या: काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, आणि काही अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. जहाजाच्या दोन बाजूही सारख्या नाहीत.

'वासा' बुडण्याचं मुख्य कारण मात्र वेगळं होतं. त्याचा वरचा भाग फार जड होता आणि तळाशी पुरेसा भार नव्हता. निघण्याआधी धक्क्यावर चाचणी झाली होती. तीस खलाशी डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत एकदम धावले, तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोललं की चाचणीच थांबवली. आरमाराचा अधिकारी तिथे हजर होता. राजाला मात्र कोणी कळवलं नाही. राजाला घाई होती आणि लोकांना त्याची धास्ती होती. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण आधी स्वतः ऐका. "आई, हे वाकडं लागलंय" हे वाक्य तुमच्या घरात न भिता उच्चारता येतं का, ते बघा. मूल फळी लपवायला लागलं, फटीत गोंद आणि भुसा दडपून वरून रंग फासायला लागलं, तर थांबा आणि शेजारी जाऊन बसा.

"आपल्याकडे अशी जहाजं होती का?" असं मूल कधीतरी विचारेलच. तेव्हा अभिमानानं सांगा की मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानाची जहाजं बांधली, ब्रिटिश आरमारासाठीसुद्धा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे पिढ्यानपिढ्या हे काम त्या घरात चाललं. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते अजून तरंगतं आहे, बघायला मिळतं. आणि विजयदुर्गाला गेलात तर जवळच्या गिर्ये गावी खाडीकाठी मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष मुलांना दाखवा. घरी फासळ्या घासलेल्या मुलाला ती जागा वेगळीच दिसते.

दोरांच्या कामाबद्दल थोडंच सांगते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तिरप्या दोरांवर आडव्या पायऱ्या बांधायच्या असतात, प्रत्येक ठिकाणी स्काउटमध्ये शिकवतात ती 'क्लोव्ह हिच' गाठ मारून. मागे रेघा आखलेला कागद लावला की अंतर सारखं राहतं. इथे काही मुलं रमतात, काही कंटाळतात. कंटाळलेल्या मुलाला ओढू नका. जहाज धूळ लागणार नाही असं झाकून ठेवा, नजरेसमोर ठेवा, आणि विषय काढू नका. माझ्या अनुभवात बरीच मुलं आपणहून परत येतात. एखादं नाही आलं, तरी फळ्या चढलेलं रिकामं जहाजही शेल्फवर सन्मानानं ठेवण्यासारखं असतं.

तेव्हा या सुट्टीत छोटी डोरी आणा, पांढरा फेव्हिकॉल आणा, दोन डझन चिमटे वेगळे काढा आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा महिनाभर मोकळा करून द्या. पाहुणे आले तरी तो पसारा हलवू नका. आणि आतून "जरा धर ना" अशी हाक आली, की हातातलं काम सोडून जा.