उघडं अंग थंड राहत नाही

मुंबईत मोठा संगीत महोत्सव झाला की सोमवार-मंगळवारी दवाखान्यात तरुण मुलामुलींची गर्दी वाढते. कुणाचे खांदे भाजलेले, कुणाच्या टाचांना फोड, कुणाला लघवीला जळजळ, कुणाच्या जांघेत खाज. 2023च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा पहिल्यांदा भरला, तेव्हापासून तर हे ठरूनच गेलंय. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी खोदून विचारलं की त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ त्या दिवशीच्या कपड्यांत सापडतं. कपड्यांचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "डॉक्टर, गरम होणार म्हणूनच तर इतके कमी कपडे घातले होते!"

आज या एकाच समजुतीबद्दल बोलायचंय. किती वेळा सांगितलं तरी ती जात नाही.

कमी कपड्यांत थंड वाटतं, पण ते सावलीत, वारा असेल तर. दुपारी दोन वाजता मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या उघड्या पाठीवर ऊन थेट पडतं आणि कातडी तापते. शरीराला थंड ठेवतो तो घाम, तोही वाळला तरच. मुंबईच्या दमट हवेत घाम मुळातच सावकाश वाळतो आणि निथळून वाया जातो. सैल सुती कपडा ऊन वरच्या वर अडवतो, घाम टिपून वाळू देतो आणि आतून हवा खेळती ठेवतो. वाळवंटातले बेदुइन पायघोळ झगे घालतात, तेही काळे. त्यावर 1980 साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. झगा काळा असो की पांढरा, कातडीपर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच भरली. काळ्या कापडानं शोषलेली जादाची उष्णता झग्याच्या आतून वाहणारी हवा घेऊन जात होती. इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. दिवसभर उन्हात वाकून काम करणाऱ्या बाईला उन्हातलं कळतं, रीलवर तीस सेकंद नाचणाऱ्या मुलीला ते कळत नाही. त्या रीलमागे वातानुकूलित व्हॅन उभी असते, हे लक्षात ठेवा.

कुणी काय घालावं यावर नैतिक शिकवण देण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. आईवडिलांनी हा लेख मुलींना दटावण्यासाठी वापरू नये, ही कळकळीची विनंती. तुम्ही नटा, मिरवा, फोटो काढा. तुमच्या वयाचा हा आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच, की सहा-सात तास उन्हात आणि गर्दीत काढायचेत हे कपडे निवडताना आठवू द्या.

अंग उघडं ठेवून जेवढा भाग झाकला जातो, तोही नेमका चुकीच्या कापडानं. नकली लेदर, टिकल्यांनी मढवलेलं पॉलिएस्टर, अंगाला चिकटणारं नायलॉन. यांतून घामाला वाटच मिळत नाही. त्यावर पोट आत दाबणारा शेपवेअर घातला की श्वास पुरता घेता येत नाही आणि छातीत जळजळ वाढते. कमरेला करकचून बसलेल्या जीन्समुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, ती जागा बधिर होते. असे रुग्ण घाबरून 'अर्धांगवायू तर नाही ना' असं विचारत येतात. नाही. कातडीची एक नस कमरेपाशी दाबली गेलेली असते. सैल कपडे घातले की बहुतेकांचं आपोआप बरं होतं.

बावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. ताप, कंबरदुखी, लघवीला आग. आई म्हणाली, "दृष्ट लागली हो, किती छान दिसत होती त्या दिवशी." मुलीनं फोटो दाखवला. चकचकीत काळा बॉडीसूट, वर घट्ट शॉर्ट्स, गुडघ्यापर्यंत बूट. खरंच सुंदर दिसत होती. दिवसभरात पाणी किती प्यायलीस, असं विचारल्यावर ती आईकडे बघायला लागली. मग कळलं की टॉयलेटला जायचं तर तो सगळा जामानिमा उतरवावा लागणार, तोही त्या ओल्या, अंधाऱ्या, कडी न लागणाऱ्या फिरत्या संडासात. म्हणून सकाळपासून तिनं पाण्याचा घोटच घेतला नव्हता. लघवी तासन्‌तास रोखली, पाणी नाही, वर ऊन. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. त्यात घरात भावाची उरलेली प्रतिजैविकं होती, त्यातल्या दोन कॅप्सूल तिनं घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून थांबवल्या. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, तपासणीत मात्र नीट सापडेनासे होतात. ती बरी झाली, पण सलाईन आणि इंजेक्शनं घेऊन.

म्हणून मुलींना सांगते, आरशासमोर कपडा घालून बघता तसा तो एका हातानं, अर्ध्या मिनिटात उतरवूनही बघा. जो उतरवता येत नाही तो घालून गेलात तर पाणी पिणार नाही, हे नक्की. वेगळा टॉप आणि वेगळा स्कर्ट किंवा पॅन्ट असेल तर हा प्रश्नच येत नाही.

'जानेवारीत कसला उष्माघात' हे वाक्यही दर वर्षी ऐकते. मुंबईत जानेवारीच्या दुपारी पारा तिशीपार जातो, आणि 2025 साली तर लोलापलूझा मार्चच्या 8 आणि 9 तारखेला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये रिओ दी जानेरोत टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात उष्म्यानं एक तरुणी कोसळली, ती वाचली नाही. त्याच वर्षी 16 एप्रिलला आपल्या खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर 14 माणसं दगावली. गर्दीत वारा लागत नाही, शेजारची अंगंही तापलेली असतात आणि वर तुम्ही नाचत असता. दारूमुळे शरीरातलं पाणी कमी होतं. 'पार्टीच्या गोळ्या' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या एमडीएमएनं शरीराचं तापमान धोकादायक वाढतं. मग जिवावर बेततं.

आता खुणा नीट वाचा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, थकवा ही पहिली पायरी. घाबरू नका. सावलीत या, पट्टे-बटणं सैल करा, बूट काढा, ओआरएस घोटघोट प्या. बहुतेक जण अर्ध्या-पाऊण तासात सावरतात. नाही सावरले तर वैद्यकीय कक्षात जा, पुढचं गाणं होईपर्यंत थांबू नका. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात मिसळायचं असतं, अर्ध्या ग्लासात नाही. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2025च्या ऑक्टोबरमध्ये असं नाव छापायला मनाई केली, ती उगीच नाही. एनर्जी ड्रिंकचाही इथे उपयोग नाही.

दुसरी पायरी जिवावरची. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, ओळखत नाही, झोकांड्या खातो, झटका येतो, बेशुद्ध पडतो. अंग चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ताप 40 अंशांवर गेलेला असतो. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' असं मित्र म्हणतात आणि वेळ घालवतात. नाचूनधावून झालेल्या उष्माघातात घाम येत राहू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. 'जास्त झालीय त्याला, झोपू दे' म्हणून कोपऱ्यात निजवून ठेवणं तर सगळ्यात घातक.

यावरच्या इंटरनेटी उपायांनी माझा संयम सुटतो. खिशात कांदा ठेवल्यानं उष्माघात टळत नाही. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, उलट ताणाखाली असलेल्या यकृतावर बोजा पडतो. भाजलेल्या खांद्यांवर टूथपेस्ट लावू नका. 'टॅन घालवायला' लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या कातडीवर मी फोड आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पाहिलेत. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी पोळते. आपण सावळे, आपल्याला ऊन बाधत नाही, हाही भ्रमच. आपली कातडी लाल कमी दिसते, पण आग होते, काळवंडते आणि सालं निघतात. जे अंग उघडं राहणार त्याला एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन निघण्यापूर्वी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबबद्दलही बोलायला हवं. घामानं भिजलेली घट्ट चड्डी आणि जीन्स दिवसभर अंगावर राहिली की जांघेत नायटा होतो. दुकानदार स्टेरॉईड मिसळलेलं मलम देतो, दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. महिन्याभरानं तुम्ही येता तेव्हा नायटा मांडीभर झालेला असतो आणि कातडी पातळ पडून पांढऱ्या रेघा उठलेल्या असतात. पुढे महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. घरी आल्यावर आंघोळ, कोरडं अंग, सुती अंतर्वस्त्र, आणि मैत्रिणीशी कपड्यांची अदलाबदल करायची तर धुऊन, उन्हात वाळवून. खाज राहिलीच तर डॉक्टरकडे.

मग घालायचं काय? अजरख किंवा कलमकारीचा सैल शर्ट बटणं न लावता टँक टॉपवर घाला. मलमलची पायघोळ पॅन्ट घाला, खादीचा को-ऑर्ड सेट घाला, रुंद काठाची टोपी घाला. ओढणी मान-खांद्यांवर घ्या, मधूनच पाण्यानं भिजवा. बूट जुने, सरावाचे आणि बंद, सुती मोज्यांसकट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही. फोड आलाच तर सुईनं फोडू नका. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांनी पूर्वी खाज आली असेल तर त्यातल्या निकेलचं तुम्हाला वावडं असण्याची शक्यता आहे, ते घरीच ठेवा.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या संध्याकाळी जाणारे रसिक पैठणी नेसतात, सिल्कचे कुर्ते घालतात, आणि पिशवीत शाल, स्वेटर, कानटोपीही असतेच. ऊन कललं की गारठा पडणार हे त्यांना माहीत असतं. मिरवणं आणि हवामान दोन्ही सांभाळता येतं, हे तिथे दर वर्षी दिसतं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घोळक्यातलं कुणी बरळायला लागलं किंवा कोसळलं, तर व्हिडिओ काढू नका. एकानं 108ला फोन करावा आणि वैद्यकीय पथकाला बोलवावं. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावं आणि घट्ट कपडे सैल करावेत, निघत नसतील तर कात्रीनं कापावेत, कितीही महागाचे असोत. अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.