लंबकाचा पाठ आणि सरकपट्टी
संगणकावरील पाठात चित्र नुसते हलून भागत नाही; ते विद्यार्थ्याच्या हाताने हलले पाहिजे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पाच्या लंबक-पाठात यासाठी सरकपट्ट्या, म्हणजेच स्लायडर, आहेत. लांबी २५ सेंटिमीटरवरून १ मीटर केली असता आंदोलनकाळ सुमारे १ सेकंदावरून २ सेकंद होतो. वस्तुमान वाढविल्याने तो बदलत नाही. पाठ रचणाऱ्याने प्रत्येक पट्टीस एकच राशी जोडावी. पट्टी सरकत असतानाच चित्र विनाधक्का बदलावे, तरच कारण व परिणाम यांचा संबंध डोळ्यांस दिसतो. शिक्षकांनी मात्र आधी अंदाज विचारावा, मग पट्टी सरकवू द्यावी आणि अखेरीस दोरा व दगड घेऊन पडताळा घ्यावा.