ई-मेल खाते : भरलेली जागा आणि धोक्याचा इशारा



गटागटांतून फिरताना हल्ली आम्हाला उसाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जातात. "साहेब, फोन म्हणतोय जागा भरली, काय करायचं?" आणि "खात्यात कुणीतरी शिरलंय असा मेल आलाय, खरा का खोटा?" इतर अनेक खात्यांचे पासवर्ड या ई-मेलवरूनच बदलता येतात. म्हणून दोन्ही गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

जागेची मर्यादा : गुगलच्या मोफत खात्यास १५ जीबी जागा मिळते. ती मेल, ड्राइव्हमधील कागदपत्रे व गुगल फोटोज या सर्वांत मिळून असते. १ जून २०२१ पासून लहान आकारात चढवलेले फोटोही हिशेबात धरले जातात. गोदाम भरले की नवे पोते आत जात नाही. तसेच येथे मेल येणे व जाणे दोन्ही थांबते.

उपाय :
१) हवे ते फोटो-व्हिडिओ आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.
२) मग नको असलेले व्हिडिओ व मोठे मेल काढावेत.
३) कचरापेटीही रिकामी करावी. पेटीतला मेल ३० दिवस जागा अडवून बसतो.

सुरक्षेचा इशारा : नव्या फोनवरून किंवा संगणकावरून खाते उघडले की गुगल इशारा पाठवते. आपणच नवा फोन घेतला असेल तर घाबरू नये. पण चोरही हुबेहूब असाच मेल पाठवतात. "जागा संपली, २४ तासांत खाते बंद होईल" असे लिहून खाली लिंक देतात. ती दाबून पासवर्ड भरला, की खाते चोराच्या हाती गेले!

यावर नियम एकच. काट्यावरचे वजन कुणी तोंडी सांगितले तरी आपण पावती बघतोच ना? तसेच मेलमधील लिंक न दाबता आपले गुगल खाते स्वतः उघडावे. जागा किती उरली ते तेथे कळते. 'सुरक्षा' विभागात खाते कुठे कुठे उघडले आहे त्याची यादी असते. अनोळखी फोन दिसल्यास तो काढून टाकावा, लगेच पासवर्ड बदलावा व दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी.

ओटीपी व पासवर्ड कुणालाही सांगू नये. मागणारा कारखान्याचा माणूस म्हणवत असला तरी नाही. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरातील शिकत्या मुला-मुलींना जवळ बसवून आजच एवढे पाहून घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी