मालकाचं घर आणि कंपनीचं कर्ज

अमळनेर परिसरातले कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी बँकेतली सगळी नोकरी सरली. जिनिंग, तेलगिरणी, डाळमिलच्या मालकांकडून जे कळलं ते लिहितो.

१. कर्ज किती घ्यायचं हे व्याजदराआधी घरात ठरलेलं असतं. एका जिनिंगवाल्याच्या आजोबांची जमीन सावकाराकडे गहाण पडली, ती सुटलीच नाही. हा गृहस्थ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, शून्यावर आणायचा. वाढीव लिमिट देऊ केलं, तर कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "साहेब, मंग माले झोप येत नही." मालमेंडियर, टेट आणि यान या अभ्यासकांनी २०११ मध्ये अमेरिकी कंपन्यांबद्दल हेच मांडलं: महामंदीत वाढलेले सीईओ बाहेरचं कर्ज टाळतात, लष्करात राहिलेले जास्त घेतात.

२. आडतीवर वाढलेल्याला उधारीचं भय नसतं. बहुतेक जण फेडतातही. अडचण येते ती कारखान्यात शिरताना. आडतीत पैसा दोन महिन्यांत फिरतो, यंत्रात घातलेला वर्षानुवर्षं बाहेर येत नाही, आणि हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

३. आमच्याच अमळनेरात एम. एच. प्रेमजींनी १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली आणि लगेच शेअर विकून भांडवल उभारलं. १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. शेंगदाणा तोवर नजरेनं पारखला जायचा. त्यांनी नमुना घेऊन ओलावा आणि तेल मोजायला लावलं. असा माणूस व्याजही आधी मोजतो, असं माझं ठाम मत आहे.

४. पण सगळं घरावर ढकलू नये. वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये घरातल्या सात हजार रुपयांवर धंदा सुरू केला. तरी त्यांच्या पश्चात, २०१९ मध्ये, त्यांच्या ठिबक कंपनीची, जैन इरिगेशनची, देणी थकली. याचं एक कारण घराबाहेरचं: ठिबकचं सरकारी अनुदान उशिरा येतं आणि तोवर बँकेचा पैसा अडकून राहतो.

५. आपला कर्जाचा फॉर्म मालकाच्या वडिलांचं नाव विचारतो, त्यांच्या कर्जाचं काय झालं ते विचारत नाही. तरुण अधिकाऱ्यांनो, लिमिट मंजूर करण्याआधी मालकाकडे चहाला थांबा आणि घरातलं जुनं कर्ज कसं फिटलं, एवढं विचारा.