बीटी कापसाच्या वादात उतरण्यापूर्वी

जालना

चि. भाचीस,

महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला ‘बीटी कापूस : वरदान की शाप’ हा विषय आला आहे आणि बाजू कोणती घ्यावी ते ठरत नाही, असे तू लिहिलेस. माझे ऐकशील तर बाजू सगळ्यांत शेवटी ठरव. आधी या एका प्रश्नाचे पाच प्रश्न कर. उत्पादन वाढले का, फवारणी घटली का, अळी परत का आली, शेतकरी आत्महत्यांशी या बियाण्याचा संबंध आहे का आणि खाण्यात धोका आहे का? हे पाचही प्रश्न वेगळे आहेत आणि प्रत्येकावरचे संशोधनही वेगळे आहे. कुठे ते ठामपणे बोलते, कुठे हातचे राखून बोलते. वरदान म्हणणारा आणि शाप म्हणणारा, दोघेही एका प्रश्नाचा पुरावा उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतात. ही चलाखी ओळखता येणे हेच या विषयातले खरे शिक्षण आहे.

जालन्याच्या मुलीने तर इथे जास्तच सावध राहायला हवे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी आपल्या याच गावात सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने देशात पहिल्यांदा बीटी कापसाला परवानगी दिली, तेव्हा मंजूर झालेली मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ ही तिन्ही संकरित वाणे महिकोचीच होती. आपल्या जिल्ह्यात एकीकडे बियाण्याच्या धंद्यावर चालणारी घरे आहेत आणि दुसरीकडे भोकरदन-जाफराबादपासून अंबड-घनसावंगीपर्यंत सरकी टोबून आभाळाकडे बघणारे कापूस उत्पादक. गावाचा अभिमान आणि शेतकऱ्याची कणव या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण आकडे वाचताना दोन्ही बाजूला ठेवाव्या लागतात.

पहिल्यांदा या बियाण्याचे काम काय ते नीट समजून घे. जमिनीत सापडणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतले एक जनुक कापसात घातले आहे. त्यामुळे झाडाच्या पेशींतच एक प्रथिन तयार होते आणि ते खाणारी बोंडअळी मरते. एवढेच. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांवर त्याचा इलाज नाही, पाऊस ओढ देतो तेव्हा तर नाहीच. हे बियाणे उत्पादनात नवी भर घालत नाही, अळीने होणारे नुकसान टाळते. ज्या वर्षी अळी फार असते त्या वर्षी त्याचा फायदा डोळ्यांत भरतो आणि ज्या वर्षी नसते त्या वर्षी तो दिसतच नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवलीस तर संशोधकांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे अर्धे उत्तर मिळेल.

मार्टिन कैम आणि डेव्हिड झिल्बरमन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतातल्या २००१ च्या प्रक्षेत्र चाचण्यांचे निष्कर्ष छापले. बीटी कापसाचे उत्पादन तशाच बिगर-बीटी वाणापेक्षा सरासरी ८० टक्के जास्त आले, असे त्यात होते. हा आकडा जगभर गाजला. पण ती माहिती महिकोच्या चाचण्यांतली होती आणि २००१ हे बोंडअळीच्या जबर प्रादुर्भावाचे वर्ष होते. पुढच्याच हंगामात शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतांची पाहणी झाली, तेव्हा वाढ सरासरी ३४ टक्क्यांवर आली आणि आंध्र प्रदेशात तर निराशाच पदरी पडली, कारण ती वाणे तिथल्या कोरड्या हवामानाला मानवली नाहीत. नंतर योनास काथागे आणि कैम यांनी २००२ ते २००८ या काळात महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या त्याच त्या कुटुंबांची पुन्हा पुन्हा पाहणी केली. २०१२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एकरी उत्पादनातली वाढ २४ टक्के आणि कापसाच्या नफ्यातली वाढ ५० टक्के निघाली. ८० वरून ३४, ३४ वरून २४. संशोधनाची लाज काढण्यासाठी हा उतार दाखवता येईल. मला त्यात संशोधनाचे बळ दिसते. मोजणी जसजशी शेतकऱ्याच्या बांधाजवळ आली, तसतसा आकडा जमिनीवर आला. आणि तो शून्यावर आला नाही, हेही विसरू नकोस.

आता देशाच्या आलेखाकडे ये. २००२-०३ च्या सुमारास देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघत होती. २००७-०८ मध्ये ती साडेपाचशे किलोच्या वर गेली. वरदान म्हणणाऱ्यांचे हे लाडके चित्र आहे. पण २००४-०५ मध्येच उत्पादकता ४७० किलोच्या आसपास पोहोचली होती आणि तेव्हा बीटीखालचे अधिकृत क्षेत्र एकूण कापसाच्या सहा टक्क्यांच्या घरात होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती यांनी हा मुद्दा लावून धरला. त्याच वर्षांत पाऊस चांगला झाला होता, नवी कीटकनाशके आली होती, खतांचा वापर वाढला होता आणि गुजरातेत सिंचन वाढले होते. यावर उलट बाजूचे उत्तर असे की, गुजरातेत २००१ मध्येच विनापरवाना बीटी बियाणे सापडले होते, म्हणून अधिकृत क्षेत्राचा आकडा कमी दाखवणारा आहे. उत्तरात तथ्य आहे, पण त्याने सगळी वाढ भरून निघत नाही. नंतर नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला, तरी उत्पादकता वर जाण्याऐवजी पाचशेच्या आसपास किंवा खालीच रेंगाळली. म्हणजे वाढीत बीटीचा वाटा आहे. सगळी वाढ बीटीची नाही.

फवारणी आणि अळी हे दोन प्रश्न एकत्रच बघ. बीटीपूर्वी देशातल्या एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कापसावर पडत. सुरुवातीच्या वर्षांत ही फवारणी खरोखर घटली. पण क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडली, तेव्हा कीटकनाशकांवरचा शेतकऱ्याचा खर्च बीटीपूर्वीच्याही पुढे गेलेला दिसला. त्यातला मोठा भाग रस शोषणाऱ्या किडींचा आहे. गुलाबी बोंडअळीने उरलेली भर घातली. या अळीत पहिल्या पिढीच्या बीटी कापसाविरुद्ध, म्हणजे बोलगार्डविरुद्ध, प्रतिकारशक्ती आल्याचे २०१० मध्ये गुजरातेत जाहीर झाले. दोन जनुकांचे बोलगार्ड दोन २००६ मध्ये आले होते, तेही पुढे निकामी ठरत गेले आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भाने डोमकळ्या आणि किडकी बोंडे बघितली. मात्र हिरव्या बोंडअळीवर बोलगार्ड दोनची पकड बरीच टिकून राहिली. तेव्हा ‘बीटी फसले’ असे कोणी म्हणाले तर कोणत्या अळीपुढे, हे आधी विचार. आणि फसण्याला केवळ तंत्रज्ञान कारण नाही. पाकिटासोबत त्या वेळी येणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे बांधाच्या कडेने लावावे, म्हणजे प्रतिकारक नसलेल्या अळ्याही जगतील आणि प्रतिकाराचा वेग मंदावेल, अशी योजना होती. ते बियाणे क्वचितच पेरले गेले. वर लांब मुदतीची संकरित वाणे आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, यांमुळे अळीला बारमाही खाद्य मिळाले. अमेरिकेने बीटी, वंध्य पतंग सोडणे आणि शिस्तबद्ध उपाय यांची सांगड घालून २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तेच जनुक, वेगळी व्यवस्था, वेगळा निकाल.

आत्महत्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि सभागृहात टाळ्याही त्यालाच मिळतात, म्हणून तिथे जीभ सर्वांत जास्त आवर. वॉरंगळमध्ये कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला तो १९९७-९८ मध्ये, बीटीला परवानगी मिळण्याच्या चार वर्षे आधी. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की, बीटी हे आत्महत्यांचे आवश्यकही कारण नाही आणि पुरेसेही नाही. मात्र काही भागांत, काही हंगामांत, न मानवलेल्या महागड्या बियाण्याच्या अपयशाने कर्जाच्या ओझ्यात भर घातली असू शकते. इयान प्लूइस यांनी २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या लोकसंख्येशी प्रमाण लावून दर काढले. राज्यागणिक चित्र वेगळे निघाले, बीटीनंतर सरसकट उसळी दिसली नाही. उलट गुतिएरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कोरडवाहू भागात कमी उत्पादन आणि वाढते बीटी क्षेत्र यांचा आत्महत्यांशी संबंध दाखवला. हा अभ्यास लपवू नकोस. पण दोन आकडे सोबत चढले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हेही सांग. कोरडवाहू शेती, सावकारी कर्ज, पडणारा भाव, २०१२ सारखा दुष्काळ यांतून बियाण्याचा वाटा वेगळा काढणे फार अवघड आहे आणि ते अवघड आहे असे सांगणे हाच तिथला प्रामाणिक निष्कर्ष.

खाण्याच्या धोक्याबाबत मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे. बीटीचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात, तिथल्या विशिष्ट ग्राहकांना चिकटून काम करते. माणसात किंवा गुराढोरांत तशी जागा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून अधिक शोधनिबंध तपासले; बाजारात असलेल्या जनुकीय पिकांमुळे आरोग्याला पारंपरिक पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. विरोधात सेरालिनी यांच्या २०१२ च्या उंदरांवरील प्रयोगाचे नाव हमखास निघेल. प्रत्येक गटात अवघे दहा उंदीर होते, त्या जातीला गाठी एरवीही होतात आणि नियतकालिकाने तो निबंध पुढच्याच वर्षी मागे घेतला. शिवाय तो प्रयोग तणनाशक सहन करणाऱ्या मक्यावरचा होता, बीटीवरचा नव्हताच. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवण्याचा हा अगदी ठळक नमुना. याउलट फवारणीचा धोका काल्पनिक नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

तुला दोन आक्षेप ऐकावे लागतील. पहिला असा की, संशोधन कंपन्यांच्या पैशावर चालते, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पैसा कुणाचा हे विचारलेच पाहिजे. पण तो प्रश्न अभ्यास जास्त बारकाईने वाचायला लावतो, अभ्यास खोटा ठरवत नाही. ८० टक्क्यांचा आकडा घोषणांनी खाली आला नाही, पुढच्या मोजणीने आला. आणि हा निकष दोन्हीकडे लाव. विरोधातले अभ्यासही कुणाच्या तरी पैशावर आणि कुणाच्या तरी ठाम मतावर उभे असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेतकऱ्याचा अनुभव मोठा की कागद? गुलाबी अळी परत आल्याचे बोंड फोडून पाहणाऱ्याला आधी कळते, यात शंका नाही. काय घडले हे अनुभव उत्तम सांगतो. पण का घडले हे एका शेतावरून ठरत नाही, कारण त्याच वर्षी वाणही बदललेले असते, खतही आणि पाऊसही. हे धागे वेगळे करण्यासाठी तुलना लागते आणि संशोधन म्हणजे मुख्यतः ती तुलनाच.

आता बाजू. वरदान म्हणायची वेळ आली तर सांग की हिरव्या अळीचे नुकसान टळले, सुरुवातीच्या वर्षांत नफा वाढला, खाण्यात धोका दिसला नाही. शाप म्हणायची वेळ आली तर सांग की कोरडवाहू शेतकऱ्याला महाग, लांब मुदतीच्या संकरित बियाण्यात अडकवले गेले आणि प्रतिकार रोखण्याची जबाबदारी कुणीच पार पाडली नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, म्हणून कोणत्याही बाजूने बोललीस तरी दुसरी नाकारावी लागणार नाही. परीक्षकांनी विचारलेच तर बीटी वांग्याचे उदाहरण दे. २००९ मध्ये त्याच जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांनी ती स्थगित केली. धोका किती हे विज्ञान मोजते. तो पत्करायचा का हे समाज ठरवतो, आणि तो निर्णय विज्ञानाच्या नावावर खपवणे दोन्ही बाजूंना शोभत नाही. भाषण लिहून झाले की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार: कोणता पुरावा समोर आला तर मी हे वाक्य मागे घेईन? ज्या वाक्याला उत्तर देता येणार नाही ते खोडून टाक, मग त्यावर कितीही टाळ्या मिळणार असल्या तरी.



तुझा,
मामा